टेंडरचा पहिला लिफाफा: पात्रता कशी तपासतात आणि कागद कसे लावायचे

सोलापुरात चाटी गल्लीत नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत सरकारी टेंडरचा विषय काढा, दोनच सल्ले मिळतात. एक, वरती ओळख पाहिजे. दुसरा, घरात असतील तेवढे कागद स्कॅन करून चढवा, त्यांना पाहिजे ते ते बघतील. दुसरा सल्ला जास्त नुकसान करतो बघा. तपासणाऱ्यासमोर एक तक्ता असतो, डाव्या बाजूला टेंडरच्या अटी, वरती बोली लावणाऱ्यांची नावं, आणि प्रत्येक चौकोनात हो किंवा नाही. तुमचा टॉवेल गावात एक नंबर आहे हे त्याला माहीत असलं तरी ते लिहायला त्या तक्त्यात जागाच नाही. उद्या ऑडिटला त्याची सही दिसणार असते, त्यामुळं जे कागदावर नाही ते तो धरत नाही. आणि पहिल्या, म्हणजे पात्रतेच्या कागदांच्या लिफाफ्यात बाद झालात तर दुसरा, म्हणजे दराचा, उघडतच नाही, मग रेट कितीही कमी असू दे.

डिजिटल सही, महाटेंडर्स ह्या राज्य सरकारच्या टेंडर पोर्टलवरची नोंदणी, पॅन, जीएसटी हे झालंय असं धरून पुढं जातो.

1. अटींचं पान

पात्रतेच्या अटींची प्रिंट काढा आणि प्रत्येक अटीसमोर पेनानं आपल्या कागदाचं नाव लिहा. शुद्धिपत्रक, म्हणजे अटींतल्या बदलाची सूचना, आलंय का तेही बघा.

2. बयाणा

बयाणा म्हणजे बोलीसोबत भरायची अनामत, ईएमडी. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे म्हणजे बयाणा माफ, हे अर्धंच खरं. केंद्राच्या धोरणात ही सवलत स्वतः माल बनवणाऱ्याला आहे, इकडून घेऊन तिकडं देणाऱ्या ट्रेडरला नाही. उद्यमवर ट्रेडिंग लिहिलेलं असेल तर गपचूप पैसे भरा. आणि काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव वेगळी, बयाणा माफ म्हणून ती माफ होत नाही.

3. उलाढाल

सीएचा दाखला, त्यावर यूडीआयएन, म्हणजे दाखला खरा आहे का ते तपासायचा नंबर. वर्षं टेंडरमध्ये लिहिलेलीच घ्या, आपल्याला सोयीची नाही.

4. अनुभव

इथं चांगली चांगली माणसं उडतात, म्हणून सावकाश वाचा.

बऱ्याच टेंडरमध्ये केंद्रीय दक्षता आयोगाचं 2002 चं सूत्र घेतलेलं असतं. ते मुळात बांधकामासाठीचं, पण मालाच्या खरेदीतही सर्रास उचलतात: मागच्या 7 वर्षांत पूर्ण केलेली तत्सम कामं, अंदाजित रकमेच्या 40 टक्क्यांची तीन, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचं एक. समजा 50 लाखांचं युनिफॉर्मचं टेंडर आहे. तर 20 लाखांच्या तीन ऑर्डरी, नाहीतर 25 च्या दोन, नाहीतर 40 ची एक. आता तुमच्याकडं 18, 18 आणि 30 लाखांच्या आहेत. बेरीज 66 लाख होते, पण पात्र होत नाही, कारण 20 च्या वर एकच आहे. बेरीज कुणी बघत नाही हो, प्रत्येक ऑर्डर वेगळी मोजतात. टक्के टेंडरप्रमाणं बदलतात, त्यामुळं आपल्या टेंडरमधलेच वाचा.

मग तारीख. ह्या सूत्रात 7 वर्षं आजपासून मागं मोजत नाहीत, टेंडर निघालं त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. जुलै 2025 मध्ये निघालेल्या टेंडरला 1 जुलै 2018 ते 30 जून 2025. ऑर्डर कधी मिळाली यापेक्षा काम कधी पूर्ण झालं ते महत्त्वाचं.

त्याहून मोठी गोची म्हणजे ऑर्डरची कॉपी लावून अनुभव सिद्ध झाला असं समजणं. ऑर्डर म्हणजे काम मिळालं, काम केलं असं नाही! सोबत माल वेळेत आणि नीट पोचल्याचा दाखला पाहिजे, ऑर्डर नंबर, रक्कम आणि पूर्ण केल्याची तारीख तिन्ही असलेला. नुसतं "यांची सेवा समाधानकारक आहे" असं लेटरहेडवर आणलं तर त्यातून तक्त्यात भरायला काहीच मिळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की शेवटचं बिल निघालं त्याच आठवड्यात हा दाखला मागून घ्यायचा, नंतर साहेब बदलून जातात आणि नवीन साहेब जुन्या कामावर सही करत नाहीत.

आणि "तत्सम" म्हणजे काय हे आपण ठरवायचं नाही. आपल्याकडं चादर, टॉवेल, युनिफॉर्म सगळं कापडच वाटतं, पण व्याख्येत शिवलेले गणवेश लिहिलं असेल तर चादरीचा अनुभव शून्य. व्याख्या मोघम असेल तर प्री-बिड मीटिंगच्या, म्हणजे बोली भरायच्या आधी शंका विचारायच्या बैठकीच्या, तारखेआधी लेखी विचारा. फोनवर कुणीतरी "चालतंय की" म्हणाला, त्याला काडीची किंमत नाही.

5. चढवणं

अटींच्या क्रमानं लावा, पानांना नंबर टाका, पुढं अनुक्रमणिका जोडा. काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र त्यांच्याच नमुन्यात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी बसू नका.

6. नंतर

आता रोज पोर्टल आणि मेल बघा. केंद्राच्या खरेदी नियमावलीप्रमाणं ऑर्डर लावलीय पण तिचा पूर्णत्वाचा दाखला राहिलाय, तर तो ते मागू शकतात. नवीन ऑर्डर मात्र घेत नाहीत, म्हणून पात्र ऑर्डरी आधीच आत पाहिजेत, दोन-तीन जास्तीच्या लावल्या तरी चालतील. विचारणा आली की मुदतीत, तेवढ्याच कागदाचं उत्तर द्या, सोबत तक्रारीचं पत्र जोडू नका. अपात्र ठरवलं तर कारण वाचा, आणि ते चूक वाटलं तर दिलेल्या मुदतीत लेखी आक्षेप, अटीचा नंबर आणि आपल्या कागदाचा पान नंबर टाकून, दराचा लिफाफा उघडायच्या आत.