जंगलातल्या चराऊ कुरणांची माती तपासताय? या चुका टाळा

जंगलात मधेच गवताचा मोकळा तुकडा दिसला की बरेच जण तिथेच निकाल लावतात: झाडं तोडली, गुरं चारली, कुरण झालं. मग माती तपासायची ती ठरलेलं सिद्ध करण्यापुरती. तेच तेच अहवाल वाचून थकलोय, म्हणून लिहितोय.

गोठणीची माती कुरणाची म्हणून दाखवणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गुरं चरतात एकीकडे आणि रवंथ करत बसतात दुसरीकडे, ती बसायची जागा म्हणजे गोठण. गवतातून उचललेलं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) शेणामुतातून बसायच्या जागी पडतं. म्हणजे चराईने सगळं कुरण सुपीक होत नाही, एका भागाचा कस दुसऱ्या भागात जातो. मुतातलं नत्र बरंचसं हवेत उडतं किंवा पाण्याबरोबर झिरपतं. स्फुरद मात्र मातीला धरून राहतं, तेही फार काळ. केनियाच्या नैऋत्य भागात १,५५० ते ३,७०० वर्षांपूर्वीच्या पशुपालकांच्या वस्त्यांची माती आजूबाजूपेक्षा अजूनही कसदार आहे, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. तिथे आज गवताळ मोकळ्या जागा आहेत.

एकदा एक अहवाल माझ्याकडे तपासायला आला. कुरणातलं स्फुरद शेजारच्या जंगलाच्या कितीतरी पट, आणि निष्कर्ष असा की चराईने माती सुधारते, तेव्हा चराई वाढवायला हरकत नाही. जागेवर गेलो. सगळे खड्डे एका मोठ्या झाडाभोवती, कारण तिथे सावली होती. दुपार झाली तशी गुरं आली आणि बरोबर त्या खड्ड्यांभोवती बसली. गुराखी म्हणाला, आजोबांपासून हीच गोठण. त्याला कुणी विचारलंच नव्हतं! काठाकडचे नमुने घेतले, तर तिथलं स्फुरद जंगलापेक्षाही कमी निघालं. तो निष्कर्ष तसाच पुढे गेला असता तर त्या कुरणाचे हाल झाले असते.

माझी सवय अशी: पहिल्या दिवशी फावडं बाहेर काढायचंच नाही. गुराख्याबरोबर फिरायचं आणि गोठण, पाणवठा, गुरांची वाट, काठ हे सगळं नकाशावर मांडायचं. मग प्रत्येक जागेची पिशवी वेगळी. सगळी माती एकत्र कालवून एक नमुना करणं शेताच्या खतमात्रेला ठीक आहे, इथे त्याने इतिहासच पुसला जातो. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी दुसरा विषय घ्यावा.

शेजारचं जंगल ‘मूळ’ समजणं

तुलनेसाठी घेतलेल्या जंगलालाही भूतकाळ असतो. फ्रान्समधल्या त्राँसे या ओकच्या जंगलात रोमन काळातल्या वस्त्यांजवळ मातीत स्फुरद आणि नत्र आजही जास्त आहे, वनस्पतींच्या जातीही जास्त आहेत. वर बघितलं तर नुसतं जुनं जंगल. म्हणून मी आधी दगडी बांध, पडक्या भिंती, खापरं शोधतो. शिवाय उतार आणि खडक दोन्हीकडे सारखे हवेत, नाहीतर तुलना कशाची करणार?

प्रत्येक कुरण माणसाने केलेलं मानणं

उथळ माती, साचणारं पाणी, थंड खोलगटातलं दहिवर, यानेही झाडं टिकत नाहीत. निलगिरीच्या उंचावरच्या पीटमधल्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातल्या, कार्बनवरून सुमारे २० हजार वर्षांपूर्वीही तिथे गवताचं राज्य होतं असं दिसतं. उष्ण प्रदेशातलं बहुतेक गवत कार्बनच्या समस्थानिकांमध्ये, म्हणजे त्याच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणात, वेगळी खूण ठेवतं: झाडांचा आकडा उणे २७ प्रति हजारच्या आसपास, या गवतांचा उणे १२ च्या. थंड प्रदेशातल्या गवताचा आकडा झाडांसारखाच येतो, तिथे ही युक्ती वापरू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात.

कोळशाचं वय म्हणजे आगीचं वय नव्हे. जुन्या खोडाच्या गाभ्यातला कोळसा शेकडो वर्षं चुकवतो, बारीक काटक्यांचा घ्या.

प्रयोगशाळेत स्फुरद मोजायच्या दोन पद्धती आहेत: आम्लधर्मी मातीतलं ब्रे पद्धतीने, उदासीन किंवा चुनखडीच्या मातीतलं ओल्सेन पद्धतीने मोजा. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात घालू नका.

एकाच ऋतूत केलेली वनस्पतींची यादी अपुरी. चरून खुरटलेलं गवत तुऱ्याशिवाय ओळखता येत नाही, त्यामुळे थोडा तुकडा कुंपण घालून वाढू द्या. फोनवरच्या ॲपने दिलेलं नाव तर मी मोजतच नाही.

मातीची घनता मोजताना वरचा पाच सेंटिमीटरचा थर वेगळा ठेवा. खुरांचा दाब वरच्या थरातच सगळ्यात जास्त असतो, आणि तीस सेंटिमीटरच्या सरासरीत तो दिसेनासा होतो.