हिस्टेरियाचा इतिहास चित्रांतून सांगताय? या चुका टाळा

हिस्टेरिया म्हणजे झटके, मूर्च्छा, लुळेपणा यांना दिलेलं आणि मुख्यतः बायकांना चिकटवलेलं जुनं निदान. त्यावर मी पहिल्यांदा स्लाइड्स दाखवून बोलले तेव्हा एकूण 22 चित्रं दाखवली होती. कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतले एक निवृत्त डॉक्टर जवळ आले. "छान झालं, मॅडम. पण यातली हिस्टेरियाची चित्रं नेमकी किती?" घरी येऊन मोजली. सात. उरलेल्या 15 चित्रांत बायका होत्या, आडव्या पडलेल्या होत्या, केस मोकळे होते, आणि तेवढ्यावर मी त्यांना रुग्ण ठरवून टाकलं होतं. ज्या डॉक्टरांना तासभर नावं ठेवली, त्यांचंच काम मी पुढे चालवत होते.

दिवाळी अंकाच्या लेखासाठी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा इन्स्टावरच्या पोस्टसाठी या विषयाला हात घातलात तर तुमचाही पाय तिथेच घसरेल. म्हणून माझ्या हातून झालेल्या आणि इतरांच्या लेखनात सतत दिसणाऱ्या काही चुका इथे लिहिते आहे.

मूर्च्छित दिसली की हिस्टेरिया

सगळ्यात जास्त वापरली जाणारी दोन चित्रं म्हणजे फ्युसेलीचं 1781 मधलं 'दुःस्वप्न' आणि मिलेचं 1851–52 मधलं 'ऑफेलिया'. पहिल्यात झोपलेल्या बाईच्या छातीवर एक भूत ठाण मांडून बसलंय. दुसऱ्यात शेक्सपिअरच्या नाटकातली मुलगी पाण्यात तरंगतेय. दोन्ही काढून टाका. देखणी आहेत म्हणून मोह होतो, मलाही होतो, पण ती हिस्टेरियाची चित्रं नव्हेत.

मी आता एकच चाळणी लावते: त्या काळच्या वैद्यकाची एखादी तरी खूण चित्रात सापडली पाहिजे. सतराव्या शतकातला डच चित्रकार यान स्टेन या चाळणीतून आरामात पार होतो. आजारी मुलगी आणि नाडी बघणारा डॉक्टर हा विषय त्याने 1660 च्या दशकात अनेकदा रंगवला; ॲमस्टरडॅमच्या आणि हेगच्या संग्रहालयांत ही चित्रं आहेत. बघणारे मुलीच्या फिकट चेहऱ्यावर थांबतात. तुम्ही नजर खाली जमिनीवर न्या. तिथे बऱ्याचदा निखाऱ्यांचं एक लहानसं भांडं असतं आणि त्यात एका फितीचं टोक धुमसत असतं. गर्भाशय जागा सोडून वर चढतं आणि बाईला गुदमरवतं, मग नाकाशी घाण वास धरला की ते खाली सरकतं, अशी समजूत होती. आपल्याकडे फीट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, त्याची आठवण होईल. पण स्टेनच्या फितीमागे गर्भाशयाचा सिद्धांत आहे, कांद्यामागे नाही, तेव्हा दोन्ही एकाच दावणीला बांधू नका.

आणखी एक. त्या डॉक्टरचे कपडे चित्राच्या काळाच्याही मानाने जुनाट आहेत, नाटकातल्या विनोदी वैद्याने घालावेत तसे. म्युनिकमधल्या चित्रात मुलीच्या हातातल्या कागदावर लिहिलंय की इथे औषधाचा उपयोग नाही, दुखणं प्रेमाचं आहे. स्टेन डॉक्टरची फिरकी घेतोय. 'तेव्हा बायकांवर असे उपचार होत' एवढंच लिहून हे चित्र लावलंत तर त्यातला विनोद गळून पडतो.

भाषांतरात घसरणं

हिस्टेरियाला मराठीत 'उन्माद' लिहितात, 'अपस्मार' लिहितात, कुणी आयुर्वेदातला 'योषापस्मार' काढतं. अपस्मार म्हणजे फेफरं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातली सगळी झटापट फेफरं आणि हिस्टेरिया वेगळे कसे ओळखायचे याचीच होती; दोन्हींचे रुग्ण एकाच वॉर्डात होते आणि तिथल्या पॉल रिशेर या चित्रं काढणाऱ्या डॉक्टरच्या 1881 च्या सचित्र ग्रंथाचा विषयच 'हिस्टेरो-एपिलेप्सी' होता. तिथे कॅप्शनमध्ये 'अपस्मार' लिहिलं की मुद्दाच मेला. सरळ हिस्टेरिया लिहा, वाचकाला कळतं.

'हिप्पोक्रेटिसने हिस्टेरियाचा शोध लावला' हेही नको. ग्रीक शब्द 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय हे खरं आणि त्या जुन्या ग्रंथांत गर्भाशयामुळे जीव गुदमरण्याचं वर्णन आहे हेही खरं. पण या नावाचा आजार त्यांत नाही.

चित्राची तारीख आणि प्रसंगाची तारीख

तोनी रोबेर-फ्लरीच्या प्रसिद्ध चित्रात डॉक्टर पिनेल साल्पेत्रिएरच्या अंगणात उभे आहेत, एका स्त्रीच्या साखळ्या काढल्या जातायत, दुसरी त्यांच्या हाताचं चुंबन घेतेय. खाली '1795' असं छापून मोकळे होतात. चित्र 1876 चं आहे, म्हणजे 81 वर्षांनंतरचं. पिनेल 1795 मध्ये त्या रुग्णालयात आले एवढं बरोबर. साखळ्या आधी बिसेत्र या पुरुषांच्या रुग्णालयात निघाल्या, 1797 मध्ये, आणि काढल्या प्युसां नावाच्या व्यवस्थापकाने, जो डॉक्टरही नव्हता. हे चित्र 1876 च्या फ्रान्सला आपल्या डॉक्टरांबद्दल काय वाटत होतं ते सांगतं. अठराव्या शतकासाठी ते साक्षीला बोलावू नका.

ब्रुयेचं चित्र: बाईकडे बघता बघता भिंत राहून जाते

आता मुख्य चित्र. आंद्रे ब्रुये, 1887, 'साल्पेत्रिएरमधला एक वैद्यकीय धडा'. जवळपास 3 मीटर उंच, 4 मीटरहून जास्त रुंद, आज पॅरिसमध्ये जुन्या वैद्यकीय विद्यापीठाच्या इमारतीत. मधोमध साल्पेत्रिएरमध्ये हिस्टेरिया शिकवणारे प्राध्यापक शार्को बोलतायत. उजवीकडे त्यांचा सहायक बाबिन्स्की एका स्त्रीला सावरतोय. तिचा झगा खांद्यांवरून उतरलाय, हात आखडलाय, मान कलली आहे. ती ब्लांश विटमान, तिथली रुग्ण. शेजारी परिचारिका, हात पुढे करून. आणि डावीकडे कोट घातलेल्या पुरुषांची दाटी.

आधी फुटकळ चुका. ब्लांश डावीकडे दिसत असेल तर फोटो उलटा छापलाय. नेटवर अशा प्रती सापडतात. 'गर्दीत फ्रॉइड आहे' हे वाक्य खोडा. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड 1885 च्या ऑक्टोबरपासून 1886 च्या फेब्रुवारीपर्यंत तिथे शिकला, पण या चित्रात नाही. त्याच्याकडे चित्राची छापील लिथोग्राफ प्रत होती, ती व्हिएन्नात त्याच्या भिंतीवर असे आणि नंतर लंडनच्या घरात त्याच्या कोचाच्या वर टांगलेली असे. त्याची थोरली मुलगी सांगायची की लहानपणी तिने विचारलं, या बाईला काय झालंय? फ्रॉइड म्हणे, कॉर्सेट फार घट्ट आवळलंय.

मोठी चूक वेगळी आहे. हे चित्र लावताना बहुतेक जण ते कापतात: शार्को आणि ब्लांश ठेवायचे, बाकी गाळायचं. इन्स्टाच्या चौकोनात तेवढंच बसतं, मान्य. पण कापताना डावीकडचा वरचा कोपरा जातो. प्रेक्षकांच्या पाठीमागच्या त्या भिंतीवर रिशेरने काढलेलं एक मोठं रेखाचित्र टांगलेलं आहे: टाचा आणि डोकं जमिनीला, मधलं शरीर कमानीसारखं वर उचललेली स्त्री. झटक्याच्या एका टप्प्यात रुग्ण अशी कमान करते, असं शार्को शिकवत. प्रेक्षकांची त्या चित्राकडे पाठ आहे. समोरून ते दिसतं फक्त डॉक्टरांना, परिचारिकांना आणि ब्लांशला. पुढच्या मिनिटाला तिच्या शरीराने काय करायचं, ते तिच्यासमोर भिंतीवर लिहून ठेवल्यासारखं आहे. ब्रुयेने हे टोमणा म्हणून रंगवलं की नुसती खोली जशी होती तशी रंगवली, यावर वाद घाला. भिंत मात्र कापू नका.

रिशेर स्वतःही या चित्रात आहे, शार्कोंजवळ बसून रेखाटन करतोय. म्हणजे एकाच चौकटीत काढून झालेलं चित्र, चालू असलेलं चित्र आणि त्या दोन्हींमध्ये उभी असलेली बाई.

फोटो म्हटला की पुरावा

शार्को म्हणत, मी इथे निव्वळ फोटोग्राफर आहे, दिसतं ते नोंदवतो. 1876 ते 1880 या काळात बुर्नव्हील आणि रेन्यार यांनी साल्पेत्रिएरच्या रुग्णांच्या फोटोंचे तीन खंड काढले. यातली ऑग्युस्तिन सगळ्यात प्रसिद्ध. पांढरा झगा, बिछान्यावर बसलेली, डोळे वर, आणि खाली कॅप्शन: 'परमानंद'. दुसऱ्यात 'प्रेमाची याचना'.

इथे दोन गोष्टी तपासा. पहिली, तंत्र. त्या वेळच्या ओल्या काचपट्टीवर फोटो उमटायला काही सेकंद लागत. झटक्यात तडफडणारं शरीर त्या पट्टीवर फराटा होऊन उमटणार. तेव्हा जो फोटो स्वच्छ, रेखीव आहे, त्यात ती निश्चल होती, किंवा तिला निश्चल केलं होतं. भराभर फोटो घेणारे अनेक भिंगांचे कॅमेरे आल्बेर लोंदने 1880 च्या दशकात आणले, ऑग्युस्तिन रुग्णालयातून गेल्यावर.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: फोटोशेजारचा मजकूर. या खंडांत फोटोंच्या सोबत तिची हकिगत छापलेली आहे आणि झटक्यात ती जे बोलत होती तेही. 13 वर्षांची असताना, ती राहत होती त्या घराच्या मालकाने वस्तरा दाखवून तिच्यावर बलात्कार केला होता. भ्रमात ती त्याच्याशीच बोलायची. हे वाचून पुन्हा 'प्रेमाची याचना' हे कॅप्शन वाचा. पोस्टमध्ये फोटो येतो, कॅप्शन येतं, तिचं बोलणं येत नाही. 1928 मध्ये ब्रेतों आणि आरागों या अतिवास्तववाद्यांनी हेच फोटो पुन्हा छापले आणि हिस्टेरियाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा सगळ्यात मोठा काव्यात्म शोध म्हणून सलाम ठोकला. तिथेही तिच्या हकिगतीला जागा नव्हती. काव्यात्म! मला त्या दोघांचं लेखन एरवी आवडतं, म्हणून जास्त राग येतो.

आपण तेच करायचं नसेल तर उपाय सोपा आहे. कॅप्शन अवतरणात द्या आणि ते डॉक्टरांनी दिलंय असं लिहा. नाव तपासा, ती कुठे लुईझ आहे, कुठे ऑग्युस्तिन, कुठे नुसती आद्याक्षरं, त्यामुळे एकाच मुलीच्या दोन मुली होतात. आणि गोष्ट 'परमानंदा'वर संपवू नका. 1880 मध्ये ती पुरुषाचे कपडे घालून रुग्णालयातून पळून गेली. त्याचा अर्थातच फोटो नाही.

पुरुष कुठे गेले?

शार्कोंनी हिस्टेरिया झालेल्या पुरुषांचीही साठच्या आसपास प्रकरणं प्रसिद्ध केली. सलूनच्या, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनाच्या, भिंतीवर मात्र पोहोचल्या त्या बायका. लेखात हा फरक नोंदवला नाही तर चित्रांनी केलेली निवड आपण इतिहास म्हणून सांगतो. शिल्पकार लुईझ बुर्झ्वाने 1993 मध्ये तीच कमान ब्राँझमध्ये केली, छताला टांगली, डोकं ठेवलं नाही, आणि शरीर मुद्दाम पुरुषाचं घेतलं. या शिल्पाला 'वेदनेने वाकलेली स्त्री' म्हणणारी कॅप्शन्स मी वाचली आहेत. एकदा शिल्पाकडे बघा तरी.

जुन्या चित्रांना निदान चिकटवणं

ही चूक खुद्द शार्कोंची. 1887 मध्येच त्यांनी रिशेरसोबत कलेतल्या भूतबाधेवर पुस्तक काढलं. रुबेन्सने रंगवलेली झपाटलेली माणसं हिस्टेरियाची अचूक लक्षणं दाखवतात म्हणून त्याचं कौतुक, आणि राफाएलचा झपाटलेला मुलगा लक्षणांत बसत नाही म्हणून तो नापास. मराठीत याची आवृत्ती ठरलेली आहे: देवीच्या यात्रेत अंगात आलेल्या बाईचा फोटो आणि खाली 'हिस्टेरिया'. अंगात येण्याला तिच्या घरात, गावात, देवळात काय अर्थ आहे हे न विचारता पॅरिसचं लेबल लावायचं. लिहायचंच असेल तर तो वेगळा लेख आहे.

ब्लांश नाटक करत होती का?

शेवटी बहुतेक लेख दोनपैकी एका बाजूला कलंडतात: बिचाऱ्या खरोखर आजारी होत्या, किंवा सगळं सोंग होतं. 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीतून हिस्टेरियाचं जुनं निदान गेलं, म्हणून आजारच खोटा असं धरून चालतात. पण मेंदूत दिसेल अशी इजा नसताना येणारे झटके आणि लुळेपणा आजही न्यूरॉलॉजिस्टकडे येतात, नाव फक्त बदललं. आणि ब्लांशबद्दल लिहिताना तिला मारी क्युरीची सहायक करू नका. ती जोडी एका स्वीडिश कादंबरीतली आहे.

नोंदीतली ब्लांश अशी: 1893 मध्ये शार्को वारले आणि तिचे झटके थांबले. ती साल्पेत्रिएरमध्येच राहिली, आधी तिथल्या फोटोच्या प्रयोगशाळेत कामाला, मग क्ष-किरण विभागात. किरणांनी हात नासले, शस्त्रक्रिया करून तुकड्या-तुकड्याने कापावे लागले. 1913 मध्ये ती गेली. त्याआधी एका डॉक्टरने तिला विचारलं होतं, ते सगळं सोंग होतं का? ती म्हणाली, झटके यायचे कारण दुसरं काही शक्यच नव्हतं, आणि त्यात सुखाचं काही नव्हतं. सोंग करणाऱ्या होत्या, पण शार्कोसाहेब एकदाच त्यांच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, गप्प बस.