चित्रालेख शिकवताय? आधी कोपऱ्यातली ओळ बघा

डी.एल.एड. करून नुकतेच वर्गावर उभे राहिला असाल आणि आलेखाचा धडा सोपा आहे असं कोणी म्हणालं, तर ऐकून घ्या, मानू नका. नागपूरच्या मानेवाड्यातल्या माझ्या शिकवणीत पाढे पक्के असलेली पोरंही इथे हमखास घसरतात. हा धडा जवळ आला की मला अजून धाकधूक होते.

ताळ्याच्या खुणांवर वेळ घालवू नका. चार उभ्या, पाचवी तिरपी, झालं. खरी गोची आहे ती प्रमाणाची. फळ्यावर कळमना बाजाराचा चित्रालेख काढा: सोमवारी साडेचार संत्री, मंगळवारी सहा. कोपऱ्यात लिहा, 1 संत्रं = 10 पेट्या. काही जण 'साडेचार पेट्या' लिहून मोकळे होतात. ते लगेच सुधारतात, त्यांची काळजी नको. काळजी करा ती 45 बरोबर काढणाऱ्यांची. आता प्रमाण 1 संत्रं = 4 पेट्या करा. उत्तर 18 यायला हवं, वहीत येतं 21. हे 21 कुठून येतं हे उमगायला मला फार वेळ लागला. चार संत्र्यांचे 16 बरोबर असतात, पण अर्ध्याचे 5 आदल्या गणितातून तसेच चिकटून आलेले असतात!

म्हणून दर गणिताला प्रमाण बदला: 10, 4, 6, 20. आणि आकडेमोडीआधी मोठ्यानं वदवून घ्या, "एक पूर्ण म्हणजे चार, अर्धं म्हणजे दोन." कंटाळवाणं आहे, पण दुसरा इलाज मला तरी सापडलेला नाही. शिष्यवृत्तीच्या क्लासवाल्यांची 'चित्रं मोजा, गुणा, पुढे चला' ही युक्ती तर माझ्या डोक्यात जाते. त्या घाईत बुधवारपुढे एकही चित्र नसलं की पोरं बुधवारच गाळतात. शून्य पेट्या हीसुद्धा माहितीच आहे ना!

स्तंभालेखात हीच गोची वेश बदलून येते. मे महिन्यातलं तापमान घ्या, 42 आणि 44 अंश, आणि उभा अक्ष 40 पासून सुरू करा. एक स्तंभ दोन घरांचा, दुसरा चार घरांचा. लगेच आवाज येतो, "सर, डबल गरम होऊन राहिलं!" हसू नका. छापील आलेख बघून मोठी माणसंही अशीच फसतात. अक्ष कुठून सुरू झाला, हे आधी बोट ठेवून दाखवायला लावा.

"रेघ सोडून स्तंभच का?" असं एखादा विचारेल. आलेखांची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक, स्कॉटलंडचा विल्यम प्लेफेअर, यानं 1786 मध्ये स्तंभालेख छापला, कारण स्कॉटलंडच्या व्यापाराचे त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. वर्षानुवर्षांची रेघ काढणार कशी? मुलांना हे पटतं.

पाचवीच्या मुलांना हे जमतं, घाबरू नका. फक्त पारख उलटी करा: 14 पेट्या, प्रमाण 4, चित्रं तुम्ही काढा. साडेतीन संत्री निघाली तर पुढचा धडा घ्या, नाहीतर आणखी एक दिवस इथेच थांबा. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून मुख्याध्यापक बोलतील, बोलू द्या.