वर्गसमीकरणाचे सूत्र पाठ करण्याआधी कागदावर कापून बघा

क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण घ्या. नवव्या शतकात बगदादमध्ये गणिती अल्-ख्वारिझ्मीने हेच उदाहरण आकृतीने सोडवले होते.

क्ष बाजूचा एक चौरस कापा. १०क्ष म्हणजे १० लांब आणि क्ष रुंद आयत. तो मधोमध कापून ५ × क्षच्या दोन पट्ट्या करा. एक चौरसाच्या उजवीकडे, दुसरी खाली लावा. आता कोपऱ्यात ५ × ५ ची रिकामी जागा दिसेल. सगळी गंमत त्या कोपऱ्यात आहे! ‘मधल्या पदाच्या सहगुणकाच्या (क्षला गुणणाऱ्या संख्येच्या) निम्म्याचा वर्ग मिळवा’ हा वर्गात नुसता सांगितला जाणारा नियम म्हणजे हा २५ चा तुकडा. तो भरला की ३९ + २५ = ६४, बाजू ८, म्हणून क्ष = ३. (दुसरे उत्तर −१३, लांबी ऋण नसते, म्हणून ते आकृतीत दिसत नाही. ६४ ची मुळे ±८ घ्यायला विसरू नका.)

आता अक्ष² + बक्ष + क = ० घ्या. अपूर्णांक टाळायला भारतीय गणिती श्रीधराचार्यांची युक्ती वापरा: आधी सगळे ४अ ने गुणा. चौरसाची बाजू २अक्ष, प्रत्येक पट्टी ब × २अक्ष, आणि कोपरा ब². ४अक पलीकडे नेऊन दोन्ही बाजूंना ब² मिळवला की पूर्ण चौरस:

(२अक्ष + ब)² = ब² − ४अक

वर्गमूळ घ्या, ब पलीकडे न्या, २अ ने भागा. सूत्र तयार.

मुलांना शिकवताना रंगीत कार्डपेपर वापरा आणि कोपऱ्याचा तुकडा त्यांनाच मापून कापू द्या.