दिल्लीच्या दारात अर्ज देताना या चुका टाळा

कुर्ल्याला आम्ही काही प्रवाशांनी स्टेशनातल्या अरुंद पादचारी पुलासाठी सह्या गोळा केल्या आणि निवेदन थेट आमदारांना दिलं. पोचपावती मिळाली, पुढे काही हललं नाही. चूक आमची होती. रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत येते. विधानसभेत रेल्वेमंत्र्यांना जाब विचारता येत नाही. मुंबईचे आमदार ३६, पण लोकसभेतले खासदार सहाच. निवेदन त्यांच्याकडे जायला हवं होतं.

खासदारांना भेटल्यावर लोक म्हणतात, “साहेब, एवढा पूल करून द्या.” पण रेल्वे चालवणं हे कार्यपालिकेचं, म्हणजे मंत्रालयाचं काम, खासदार तिला प्रश्न विचारतो. म्हणून नुसती विनंती करू नका, तयार प्रश्न लिहून न्या: काम कधी मंजूर झालं, निधी किती, खर्च किती झाला. तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेला की मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं आणि माझ्या मते आपल्याला तेच जास्त उपयोगी, कारण ते नोंदीवर राहतं आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडता येतं. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करू नका. आपले खासदारच मंत्री असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत. अशा वेळी राज्यसभेतल्या महाराष्ट्राच्या १९ सदस्यांपैकी कुणाला तरी गाठा.

माहिती अधिकारात “पूल का झाला नाही?” असं विचारू नका. मंजुरीपत्राची, अंदाजपत्रकाची प्रत मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

कोर्टात चालू असलेल्या खटल्यासाठी मंत्र्यांकडे शब्द टाकायला जाऊ नका. न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी ठेवावी, असं संविधानाचा अनुच्छेद ५० सांगतो, आणि उद्या तुमच्याविरुद्ध कुणी असाच शब्द टाकला तर? उलट, पहिल्याच झटक्यात जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात धावणंही बरोबर नाही. आधी प्रशासनाकडे काय मागितलंत, हे तिथे विचारलं जातं.

सगळ्यात महागात पडते ती उशिराची चूक. विधेयक मंजूर झालं की मग मोर्चा निघतो. मतदानाच्या वेळी पक्षाचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, असतो आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे तो मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. संसदीय समितीत मात्र व्हिप नसतो. विधेयक समितीकडे गेलं की बऱ्याचदा जाहिरात देऊन नागरिकांकडून सूचना मागवतात. तिथे “विधेयक मागे घ्या” एवढंच लिहू नका. कलमाचा क्रमांक, खटकणारे शब्द आणि त्या जागी हवे असलेले शब्द लिहून मुदतीच्या आत पाठवा.