नौदलातून शेतीव्यवसायात आलेल्या माणसाचे चरित्र कसे लिहावे

वडिलांचा अमृतमहोत्सव किंवा आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन जवळ आले, की नागपुरातील अनेक घरांत एखादी छोटी पुस्तिका छापण्याचा विचार सुरू होतो. सत्कारमूर्ती माजी नौसैनिक असतील आणि पुढचे आयुष्य त्यांनी संत्रा, कापूस किंवा बी-बियाण्यांच्या व्यवसायात घालवले असेल, तर नौदलाला भरपूर पाने आणि व्यवसायाला शेवटचा एखादा परिच्छेद अशी वाटणी हटकून होते. प्रत्यक्षातला हिशेब उलटा असतो. नौसैनिकाला निवृत्तिवेतनासाठी 15 वर्षांची सेवा लागते. त्यामुळे अठराव्या वर्षी भरती झालेला मुलगा पस्तिशीच्या आत घरी परतू शकतो आणि त्यापुढची तीसेक वर्षे बाजारात घालवतो. पानांची वाटणी याच प्रमाणात करावी.

पहिले काम म्हणजे एका मोठ्या कागदावर डाव्या बाजूला सन आणि उजवीकडे घटना मांडणे. हे वाटते तितके सोपे नाही, कारण नौसैनिक आपला काळ जहाजांवरून सांगतो आणि संत्र्याचा व्यापारी बहारावरून, म्हणजे झाडे फुलण्याच्या हंगामावरून. ‘मी त्या जहाजावर होतो तेव्हा’ आणि ‘ज्या साली मृग बहार फुटलाच नाही तेव्हा’ या दोन्ही वाक्यांत सन नसतो. तो आपल्याला कागदपत्रांवरून बसवावा लागतो.

नौदलाच्या काळासाठी सेवामुक्तीच्या वेळी मिळालेले पुस्तक आणि निवृत्तिवेतनाचा आदेश हे मुख्य आधार आहेत. भरतीची तारीख, शाखा, हुद्दा आणि सेवेचा कालावधी यांसाठी आठवणीपेक्षा त्यांवरच भिस्त ठेवावी. पुस्तक हरवले असेल, तर नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्प येथील नौसैनिक ब्युरोकडे असतात. अर्ज कसा करावा हे नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते.

‘आयएनएस’ ही अक्षरे दिसली म्हणजे जहाजच, असे समजू नये. लोणावळ्याची आयएनएस शिवाजी, जामनगरची आयएनएस वालसुरा, मालाडची आयएनएस हमला आणि ओडिशातील आयएनएस चिल्का हे सर्व किनाऱ्यावरचे तळ आहेत. ‘बाबा दोन वर्षे शिवाजी जहाजावर समुद्रात होते’ असे छापले गेले, तर त्यांचे जुने सहकारी हसतील.

1971 च्या युद्धाबाबत तर प्रत्येक दावा तपासून घ्यावा. कराचीवर 4 डिसेंबरच्या रात्री हल्ला केला तो निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी. विक्रांत ही विमानवाहू नौका त्या वेळी बंगालच्या उपसागरात होती आणि तिच्यावरील विमानांनी कॉक्स बझार व चितगाववर हल्ले केले. त्यामुळे ‘विक्रांतवरून कराची जाळली’ ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट कागदावर टिकत नाही. येथे पदके उपयोगी पडतात: पूर्व आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीसाठी पश्चिमी स्टार. कपाटातले पदक नीट पाहिले, तर माणूस कोणत्या समुद्रात होता हे बरेचसे कळते.

आता व्यवसायाकडे. हा भाग लिहिणे अधिक अवघड आणि, माझ्या मते, अधिक महत्त्वाचे आहे, कारण येथे पदके नसतात. कृषी सेवा केंद्र चालवले असेल, तर बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे तीन स्वतंत्र परवाने शोधावेत. दुकान केव्हा सुरू झाले आणि केव्हा वाढले, हे त्यांवरील तारखांवरून ठरते. कापसाचा व्यवहार असेल, तर 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती आणि ती जवळपास तीन दशके चालली, हे लक्षात ठेवावे. त्या काळात खासगी व्यापाऱ्याला शेतकऱ्याकडून कापूस सरळ विकत घेता येत नव्हता. म्हणून ‘1985 मध्ये कापसाची खरेदी सुरू केली’ असे कोणी सांगितले, तर ती खरेदी रुईची (सरकी काढलेल्या कापसाची), सरकीची की पेंडेची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. बियाण्यांच्या दुकानदारासाठी 2002 हे वळणाचे वर्ष आहे, कारण बीटी (जनुकीय बदल केलेल्या) कापसाला त्या वर्षी परवानगी मिळाली.

संत्र्याच्या व्यवहारात प्रश्न बहारानुसार विचारावेत. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यातल्या कोणत्या बागा त्यांनी घेतल्या, बाग फळ झाडावर असतानाच ठोक घेतली की माल नागपुरातील कळमन्याच्या बाजारात लिलावात घेतला, कोणत्या वर्षी डिंक्या किंवा कोळशी या रोगांनी बागा बसल्या आणि दिलेली उचल (आगाऊ रक्कम) बुडाली, असे नेमके प्रश्न केले की माणूस बोलू लागतो. ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हटले की तो भाषण देतो. जुन्या काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) आणि वह्या मिळाल्या, तर त्या समोर ठेवूनच बसावे.

दोन्ही आयुष्यांचा सांधा शाखेत सापडतो. लोणावळ्यात इंजिने आणि बॉयलर शिकलेला आर्टिफिसर (नौदलातील तंत्रज्ञ) कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये किंवा संत्र्यांच्या प्रतवारीच्या यंत्रावर गेला, तर त्याचे कारण उघड आहे. भांडार शाखेतला माणूस बियाण्यांच्या दुकानात लॉट क्रमांक आणि मुदतीच्या तारखा यांची नोंद चोख ठेवतो, यातही नवल नाही. परंतु ‘नौदलाच्या शिस्तीमुळे व्यवसाय वाढला’ हे सरसकट वाक्य टाळावे. शिस्त नेमकी कोणत्या कामात दिसली, हे त्यांच्याकडील जुन्या हमालाला किंवा मुनीमजींना विचारावे. हुकूम देण्याची सवय अडत्यांशी घासाघीस करताना आड आली असेल, तर तेही लिहावे.

सेवा क्रमांक, निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक आणि माजी सैनिक ओळखपत्राचे छायाचित्र पुस्तिकेत छापू नये. फसवणुकीसाठी त्यांचा वापर होऊ शकतो. घरातील वाटणी किंवा थकलेली उसनवारी यांविषयी लिहायचे असल्यास संबंधितांची संमती आधी घ्यावी.

मसुदा तयार झाल्यावर तो दोघांना वाचून दाखवावा: नौदलाचा भाग त्यांच्याबरोबर सेवा केलेल्या एखाद्याला, आणि बाजाराचा भाग कळमन्यातील एखाद्या जुन्या अडत्याला. दुरुस्त्या झाल्यावरच तो स्वतः सत्कारमूर्तींच्या हाती द्यावा आणि छपाईपूर्वी त्यांना निदान आठवडाभराचा अवधी ठेवावा, कारण वाचताना त्यांना आणखी नावे आणि साली आठवतात.