लॅपटॉपवरून नाटकाचे लाईट: संहितेच्या नाटकाला क्यू लिस्ट, दशावताराला बटणं

आपल्याकडे आता गावोगावच्या मंडळांकडे एलईडी पार (गोल डब्यासारखे रंगीत लाईट) आलेत, कुठे चार, कुठे आठ, जत्रेतल्या मंडपवाल्याकडेही असतात, पण चालवायला एकतर तो छोटा कंट्रोलर ज्याच्यावर अंधारात बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही, नाहीतर लाईट सरळ साऊंड मोडवर सोडलेले, मग राणीचा विलाप चालू असतो आणि मृदंगावर थाप पडली की मागे लाल-हिरवं नाचायला लागतं. हे बघवत नाही हो. घरात एखादा जुना लॅपटॉप पडलेला असेल तर तेच लाईट नटाच्या बोलण्याबरोबर हळू वर-खाली करता येतात आणि सॉफ्टवेअरला एक पैसा लागत नाही. कसं ते सांगतो.

आधी डीएमएक्स म्हणजे काय ते थोडक्यात. लाईटच्या मागे जी तीन किंवा पाच पिनची गोल सॉकेट असतात ती याचीच. पूर्ण नाव डीएमएक्स ५१२, १९८६ साली अमेरिकेत ठरलं, आणि अजून जगभर तेच चालतं. एका लाईनीवर ५१२ चॅनल (एक चॅनल म्हणजे लाईटमधली एक गोष्ट, जसं नुसता लाल रंग), प्रत्येक चॅनलची किंमत ० ते २५५, आणि ही सगळी यादी सेकंदाला साधारण ४४ वेळा परत परत पाठवली जाते. लाईट फक्त ऐकतो, उलटं काही सांगत नाही, म्हणजे एखादा पार बंद पडला तर लॅपटॉपला ते कळत नाही, तुम्हालाच मान वर करून बघायला लागतं.

लॅपटॉप आणि लाईटच्या मध्ये एक डबी लागते, यूएसबी टू डीएमएक्स. यात दोन जाती आहेत आणि फरक समजून घ्या. स्वस्तातली ओपन डीएमएक्स प्रकारची, तिच्यात आत एफटीडीआयची चिप असते पण स्वतःचं डोकं नसतं, सिग्नलचं सगळं टायमिंग लॅपटॉपच सांभाळतो, आणि लॅपटॉप दुसऱ्या कामात गुंतला की लाईट थरथरतात. दुसरी प्रो प्रकारची, तिच्यात स्वतःचा प्रोसेसर असतो, लॅपटॉप क्षणभर अडकला तरी ती शेवटची किंमत पाठवत राहते. तालमीला आणि शिकायला पहिली चालेल. पण प्रयोगाला, त्यातही स्पर्धेला, माझं स्पष्ट मत आहे की मंडळाने वर्गणी काढून दुसरी घ्यावी, आणि शक्यतो आयसोलेटेड घ्यावी म्हणजे लाईटच्या बाजूने करंटचा काही घोळ झाला तर तो लॅपटॉपपर्यंत येत नाही. आपल्याकडे जत्रेत अर्थिंग कसलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

वायर. इथेच सगळ्यात जास्त माती होते. साऊंडवाल्याकडची माईकची केबल तीन पिनची असते, बसते पण बरोबर, आणि दोन-तीन लाईटपर्यंत चालते पण, म्हणून लोकांना वाटतं हीच ती. लांबी वाढली की लाईट मध्येच चमकायला लागतात. डीएमएक्सला ११० ते १२० ओहमची केबल लागते. ती मिळत नसेल तर सीसीटीव्ही लावणाऱ्याकडून कॅट-५ (नेटवर्कची केबल) घ्या, कुडाळात, चिपळुणात, कुठेही मिळते, आणि काम चोख करते, फक्त डेटाच्या दोन्ही तारा एकाच पिळाच्या जोडीतल्या घ्यायच्या. पिन १ ग्राउंड, २ डेटा मायनस, ३ डेटा प्लस. लॅपटॉपकडून पहिल्या लाईटला, पहिल्यातून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला, अशी एकच माळ. मध्येच वाय करून दोन फाटे फोडायचे नाहीत, फाटे हवेत तर स्प्लिटर (सिग्नल वाटून देणारी डबी) लावा. एका माळेत ३२ च्या वर लाईट नकोत. शेवटच्या लाईटच्या आऊटमध्ये टर्मिनेटर, म्हणजे २ आणि ३ पिनच्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर (तपकिरी-लाल-तपकिरी पट्ट्यांचा), एका मेल प्लगमध्ये झाळून ठेवा आणि पेटीतच टाकून द्या.

आणि कोकणातली खास गोष्ट म्हणजे खारी हवा. वेंगुर्ला, मालवण, गुहागर, किनाऱ्याच्या गावात पावसाळाभर पेटीत पडलेल्या केबलच्या पिना हिरवट होतात. लाईट मधूनच जातो-येतो, लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात आणि दोष पिनेचा असतो. जत्रांचा सीझन चालू व्हायच्या आधी सगळ्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि पावसाळ्यातही अधूनमधून लाईट काढून थोडा वेळ पेटवा, आतला दमटपणा जातो.

आता पत्ता. प्रत्येक लाईटला सांगायचं की तू कुठल्या चॅनलपासून ऐकणार. लाईट आठ चॅनलचा असेल तर पहिला १ वर, दुसरा ९ वर, तिसरा १७ वर, असे आठ-आठ पुढे. मागच्या छोट्या डिस्प्लेवर डी ००१ किंवा ए ००१ असं दिसतं तो पत्ता. डिस्प्ले नसून नऊ-दहा बारीक खटके असतील तर त्यांच्या किमती १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६ अशा, बेरीज करून पत्ता बनतो, नऊ हवा तर पहिला आणि चौथा वर. प्रत्येक लाईटवर पांढरी चिकटपट्टी लावून पत्ता मार्करने लिहा, मंडपात रात्री शोधत बसायला नको.

त्या ५४ एलईडीच्या पारमध्ये बहुतेकदा पहिला चॅनल डिमर (एकूण उजेड), मग लाल, हिरवा, निळा, पांढरा, मग स्ट्रोब (भराभर लुकलुकणं), मग मॅक्रो (लाईटमधले तयार रंगखेळ) वगैरे. कंपनीप्रमाणे क्रम बदलतो, म्हणून एकेक चॅनल वर करून बघा आणि वहीत लिहा. रंग ऐकतच नसतील तर नव्वद टक्के वेळा मॅक्रोच्या चॅनलवर काहीतरी किंमत बसलेली असते, तो शून्य करा, लगेच ऐकतील.

सॉफ्टवेअर मी क्यूएलसी प्लस सांगेन. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. चौथी आवृत्ती धरून सांगतोय. उघडलं की आधी इनपुट-आऊटपुटमध्ये जाऊन युनिव्हर्स १ (म्हणजे ५१२ चॅनलची पहिली लाईन) समोर तुमच्या डबीवर टिक करा. डबी दिसतच नसेल तर ड्रायव्हरचं बघा. मग फिक्श्चरमध्ये लाईट जोडा, कंपनी-मॉडेल यादीत सापडलं तर उत्तम, नाही सापडलं तर सोबतच्या फिक्श्चर एडिटरमध्ये तुमच्या वहीतल्या क्रमाने बनवा, साधे हॅलोजन डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या पेटीवर) असतील तर जेनेरिक डिमर घ्या. पत्ता लाईटच्या मागे आहे तोच इथे. मग सिंपल डेस्कवर जाऊन फेडर वर करून बघा, लाईट पेटला की अर्धं काम झालं.

नंतर फंक्शनमध्ये सीन बनवायचे. सीन म्हणजे एका प्रसंगाचा उजेड, कुठला लाईट किती, एवढंच. प्रत्येक सीनला फेड इन आणि फेड आऊट द्या. हे लोक विसरतात आणि मग खटक्यासारखा उजेड पडतो. संध्याकाळ होताना आठ-दहा सेकंद लागू देत, काही बिघडत नाही, प्रेक्षकाला कळूच नये उजेड कधी बदलला.

इथून पुढे दोन रस्ते आहेत आणि माझ्या मते सगळा लेख याच्यासाठी आहे, कारण नेटवरचे सगळे व्हिडिओ एकच रस्ता दाखवतात.

संहितेचं नाटक असेल, एकांकिका किंवा राज्य नाट्य स्पर्धेचं, तर सीन ओळीने चेजरमध्ये (एकामागून एक चालणाऱ्या सीनच्या यादीत) टाका, फेड इन पर स्टेप ठेवा आणि होल्ड अनंत करा म्हणजे तुम्ही सांगेपर्यंत पुढे सरकणार नाही. मग व्हर्च्युअल कन्सोलवर (पडद्यावर आपणच बटणं मांडायचं पान) क्यू लिस्ट काढून तो चेजर जोडा, क्यू म्हणजे उजेड बदलायची एक खूण, आणि पुढच्या क्यूला स्पेसबार द्या. क्यूला नुसते आकडे नको, वाक्य लिहा, "आई दार उघडते", "पत्र वाचून झालं". संहितेवर पेन्सिलने तेच आकडे मारा. स्पर्धेत नाट्यगृह ताब्यात मिळाल्यावर वेळ मोजका असतो, म्हणून हे सगळं घरी बनवून न्यायचं आणि तिथे फक्त किमती जुळवायच्या. आदल्या दिवशी तिथल्या वायरमनला दोनच गोष्टी विचारा, डिमर डीएमएक्स घेतात का आणि प्लग तीन पिनचा की पाच, आणि दोन्हीचा जोड बॅगेत असू द्या.

पण दशावताराला ही क्यू लिस्ट काही कामाची नाही. तिथे लिहिलेली संहिताच नसते, आख्यान ठरतं आणि नट रंगात आले की बोलत सुटतात, नारद पाच मिनिटांत जाईल की अर्धा तास घेईल ते पेटीवाल्यालाही ठाऊक नसतं. नमन-खेळ्यांतही (कोकणातला दुसरा लोकनाट्याचा प्रकार) सोंग कधी कुठून येईल सांगता येत नाही. तिथे हवीत बटणं. व्हर्च्युअल कन्सोलवर सोलो फ्रेम घ्या आणि तिच्यात बटणं ठेवा: गणपती, दरबार, रान, विलाप, युद्ध, देव प्रकट. सोलो फ्रेमचा फायदा असा की एक दाबलं की आधीचं आपोआप उतरतं. साध्या फ्रेममध्ये दोन सीन एकदम चालू राहतात, ज्या चॅनलची किंमत जास्त तीच दिसते, मग रानाच्या निळ्यात दरबाराचा पिवळा मिसळून गढूळ काहीतरी दिसतं. फ्रेमच्या बाहेर तीन-चार स्लायडर ठेवा, पुढचा पांढरा, मागचा लाईट, आणि एक सगळ्यांचा. माझा हात प्रयोगभर पुढच्या स्लायडरवरच असतो, गायन चालू झालं की जरा खाली, संवाद आला की वर. ट्रिकसीनसाठी (चमत्काराच्या प्रसंगासाठी) वेगळं बटण, फ्लॅश प्रकारचं, दाबून ठेवलं तेवढाच वेळ चालतं, बोट उचललं की बंद. स्ट्रोब याच्यावरच ठेवा आणि दोन-चार सेकंदांच्या वर नको, डोळ्यांना त्रास होतो आणि फिट येणाऱ्या माणसाला तो धोकादायक असतो.

रंगांबद्दल थोडं. नुसत्या लाल-हिरव्या-निळ्यातून चेहऱ्याला चांगला उजेड मिळत नाही, माणूस आजारी दिसतो. पांढरा चॅनल असेल तर तो आधी, त्यात लाल २५५, हिरवा १२० च्या आसपास टाकून अंबर करा. जमलं तर पुढून दोन हॅलोजनच ठेवा आणि एलईडी बाजूला-मागे. दशावताराची रंगभूषा भडक असते, हिरव्या उजेडात लाल रंग काळा पडतो आणि लाल उजेडात तोच लाल फिका होतो, म्हणून राक्षस आला की सगळं लाल करायची जी सवय आहे ती सोडा, लाल मागून टाका, पुढून पांढरा राहू द्या. संकासूर तर काळ्या कपड्यात, मागे काळोख असेल तर दिसणारच नाही, त्याला मागून वरून लाईट पाहिजेच. लोक रात्रभर थंडीत बसतात ती नटाचा चेहरा आणि डोळे बघायला.

वीज. १००० वॅटचा हॅलोजनचा पार २३० व्होल्टला साधारण ४.३ अँपिअर ओढतो, म्हणजे १६ अँपिअरच्या प्लगवर तीनच, चौथा लावून बघू असं नको. असे बारा असतील तर ५२ अँपिअर होतात, ते तीन फेजवर वाटायचे आणि वाटणी वायरमनकडूनच करून घ्यायची. एलईडी पार, मूव्हिंग हेड (डोकं फिरणारे लाईट), धुराचं मशीन डिमरच्या आऊटपुटवर कधीच लावू नका, त्यांना सरळ पुरवठा लागतो, डिमरवर लावले की जळू शकतात.

लॅपटॉपवर प्रयोगाआधी स्लीप बंद, स्क्रीन सेव्हर बंद, वायफाय बंद म्हणजे अपडेट मध्ये येणार नाही, पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सस्पेंड बंद, आणि ब्राइटनेस कमी, नाहीतर तुमचा चेहरा प्रेक्षकांना दिसत बसतो. बॅटरी धड असलेला लॅपटॉप घ्या, लाईट गेली आणि जनरेटर चालू व्हायला वेळ लागला तरी लॅपटॉप जागा राहतो, पार परत चालू झाले की तोच सीन उचलतात. क्यूएलसीच्या डिझाइन मोडमधून (बनवायचा) ऑपरेट मोडमध्ये (चालवायचा) गेल्याशिवाय तिसरी घंटा द्यायला सांगू नका, डिझाइनमध्ये राहिलात तर बटण दाबायच्या ऐवजी ते जागेवरून सरकतं.

फाइल पेनड्राइव्हवर दुसरी ठेवा, आणि विंगेत जो मुलगा असतो त्याच्याकडे जुना कंट्रोलर त्याच पत्त्यांवर लावून तयार ठेवा, लॅपटॉप बसलाच तर केबल काढून तिकडे लावायची आणि पुढचा पांढरा वर करायचा, बाकीचं नंतर.